मुलांना चेहऱ्यांमागचा इतिहास सांगा

आपल्या मुलाने रंगावरून किंवा नाकाडोळ्यांवरून माणसाची किंमत ठरवू नये, असे बहुतेक आईबापांना मनापासून वाटते. त्यासाठी ते एक साधा उपाय करतात. घरात त्या विषयावर बोलायचेच नाही. मूल म्हणजे कोरी पाटी, आपण तिच्यावर वाईट काही लिहिले नाही की ती कोरीच राहील, असा त्यामागचा विश्वास असतो. गेल्या ऐंशी वर्षांतल्या बालमानसशास्त्राने हा विश्वास खोटा ठरवला आहे. ज्या घरात या विषयावर कधीच बोलले जात नाही, तिथली मुलेही पूर्वग्रह शिकतात, आणि तो आपल्याला कुणी शिकवला हे त्यांना मोठेपणीही सांगता येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, मुलाला यातून वाचवायचे असेल तर चांगुलपणाचा उपदेश पुरणार नाही. कोण कुठे राहतो, कोण कुठले काम करतो, कुणाला मान मिळतो, हे मूल रोज पाहते. ते तसे का आहे, याची कारणे त्याला द्यावी लागतील.

१९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर त्या बाहुल्या एकसारख्या होत्या. खेळायला कुठली घेशील, छान कुठली, वाईट दिसते ती कुठली, असे प्रश्न होते. सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. वाईट दिसणारी कोणती म्हटल्यावर निम्म्याहून अधिक मुलांनी काळ्या बाहुलीकडे बोट केले. ‘तुझ्यासारखी दिसणारी कोणती?’ हा प्रश्न आल्यावर काही मुले रडू लागली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्याच्या निकालात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या कामाचा तळटीपेत उल्लेख केला. ‘तुझा रंग वाईट आहे’ असे या मुलांच्या आयांनी त्यांना बसवून शिकवले असेल, हे शक्य वाटत नाही. मुलांनी ते आजूबाजूच्या जगाकडे पाहून ओळखले होते.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की, आपल्यासारख्या दिसणाऱ्याकडे ओढ असणे हा निसर्गच आहे, त्याला आईबाप काय करणार? तीन महिन्यांची बाळे आपल्या समूहाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ पाहतात, हे प्रयोगांत दिसले आहे हे खरे. पण हीच गोष्ट तपासणाऱ्या २००६ च्या एका अभ्यासाने पुढची अर्धी हकिगत सांगितली. इस्राएलमधली गोरी बाळे गोऱ्या चेहऱ्यांकडे अधिक पाहत होती, इथिओपियातली बाळे आफ्रिकी चेहऱ्यांकडे. पण इथिओपियातून इस्राएलमध्ये आलेल्या कुटुंबांची बाळे, ज्यांच्या नजरेस दोन्ही प्रकारचे चेहरे रोज पडत होते, ती दोन्हींकडे सारखेच पाहत होती. निसर्ग बाळाला ओळखीचे आणि अनोळखी यांतला फरक कळण्याची शक्ती देतो. ओळखीचे कोण असावे, हे आपण कुठे राहतो आणि कुणाला घरी बोलावतो यावरून ठरते. आणि चेहऱ्याच्या ओळखीपासून ‘ही माणसे कमी प्रतीची’ या निष्कर्षापर्यंतचे अंतर फार मोठे आहे. ते मूल कसे कापते, हा खरा प्रश्न आहे.

टेक्सास विद्यापीठातील रिबेका बिगलर यांनी या प्रश्नाचा माग काढला. उन्हाळी वर्गातल्या प्राथमिक वयाच्या मुलांना त्यांनी निळे आणि पिवळे टी-शर्ट वाटले. काही वर्गांत शिक्षकांनी या रंगांकडे लक्षच दिले नाही. तिथे काही आठवडे गेले तरी मुलांत फरक पडला नाही. इतर वर्गांत शिक्षकांनी रंगांचा उपयोग केला, म्हणजे रांगा रंगावरून लावल्या, मुलांना बसवले रंगावरून. एक रंग चांगला आणि दुसरा वाईट, असे कुणी एका शब्दानेही म्हटले नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुढच्या प्रयोगात भिंतीवर तक्तेही लावले होते, आणि त्यांत स्पर्धा जिंकणारी मुले बहुतेक एकाच रंगाच्या शर्टातली होती. जिथे शिक्षक रंगांवरून वर्ग चालवत होते तिथे वरचढ दाखवलेल्या रंगाची मुले आपल्या गटाला श्रेष्ठ समजू लागली. मोठी माणसे जो फरक वापरतात तो महत्त्वाचा असला पाहिजे, असे मूल धरून चालते. मग त्या फरकाचे कारण शोधते. कुणी सांगितले नाही तर त्याला सर्वांत जवळचे कारण सापडते: ही माणसे मुळातच तशी असतील. बिगलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. मुलांनी कधी न ऐकलेल्या, बनवलेल्या व्यवसायांची चित्रे कृष्णवर्णीय मुलांना दाखवली. तेच काम काळी माणसे करताना दिसली की मुलांना ते हलक्या दर्जाचे वाटे, आणि गोरी माणसे करताना दिसली की वरच्या दर्जाचे.

हा प्रयोग वाचून पुण्यामुंबईत वाढणाऱ्या मुलाच्या नजरेने आपला गाव पाहावा. ईशान्य भारतातली माणसे त्याला कुठे दिसतात? हॉटेलात ताटे उचलताना, ब्युटी पार्लरमध्ये, मॉलच्या दारात सुरक्षारक्षकाच्या गणवेशात, मोमोच्या गाडीवर. पाठ्यपुस्तकात ती जवळजवळ दिसत नाहीत, मालिकांत तर नाहीतच. मीराबाई चानूने टोकियोत पदक मिळवले की एक दिवस ती आपली होते. आफ्रिकी विद्यार्थी पुण्यात शेकड्यांनी शिकायला येतात, पण मुलाच्या कानावर त्यांच्याबद्दल येते ते अमली पदार्थांच्या बातमीतून किंवा ‘त्यांना घर देऊ नका’ या बोलण्यातून. त्यातच घरातल्या मुलीला ‘उन्हात खेळू नको, काळी पडशील’ असे सांगितले जाते, आणि लग्नाच्या जाहिरातीत गोरेपणा पदवीच्या बरोबरीने छापला जातो. गोरेपणाच्या प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातला गोरेपणा काढला, माल मात्र तोच राहिला. या सगळ्यात मुलाला समोर बसवून वंशद्वेष कुणी शिकवत नाही. मुलाने वेगवेगळे तुकडे जोडून निष्कर्ष काढावा, एवढी सामग्री मात्र भरपूर आहे.

अशा वेळी आईबापांचे मौन मुलाला कसे ऐकू येते? बिर्जिट व्हिट्रप यांनी २००७ मध्ये ऑस्टिन शहरातील पाच ते सात वर्षांच्या गोऱ्या मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. हे आईबाप स्वतःला उदार समजणारे होते. तरी वंशाबद्दल मुलांशी उघड बोला, अशी विनंती केल्यावर त्यांतले फार थोडे खरोखर बोलले. काहींनी तर विषय कळल्यावर अभ्यासातूनच अंग काढून घेतले. आणि ‘तुझ्या आईबाबांना काळी माणसे आवडतात का?’ या प्रश्नावर बऱ्याच मुलांना उत्तर देता आले नाही, काहींनी ‘नाही’ असे सांगितले. आईबापांना आपली मते मुलाला ठाऊक आहेत असे वाटत होते. मुलाला फक्त एवढेच कळले होते, की या विषयावर बोलायचे नसते. ‘आम्हाला रंग दिसतच नाही, सगळी माणसे सारखी’ हे वाक्यही याच मौनाचा एक प्रकार आहे. इव्हान ॲप्फेलबॉम आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आठ ते अकरा वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. फरकांकडे लक्षच देऊ नये असा उपदेश असलेली गोष्ट ऐकलेली मुले, पुढे उघड भेदभावाचा प्रसंग सांगितला तरी त्याला भेदभाव म्हणून ओळखण्यात मागे पडली. अन्याय झाला हेच ज्याला दिसले नाही, ते मूल शिक्षकांना जाऊन काय सांगणार?

कारणे द्यायची म्हणजे काय, ते आपल्याच उदाहरणावर पाहू. मणिपूरचा किंवा नागालँडचा तरुण पुण्यात हॉटेलात काम करतो हे मुलाला दिसते. त्याला सांगता येईल की, १९४७ च्या फाळणीने त्या प्रदेशाचा चितगाव बंदराशी असलेला रस्ता तुटला आणि उरलेल्या देशाशी तो सिलिगुडीजवळच्या अवघ्या वीस-बावीस किलोमीटर रुंदीच्या पट्ट्याने जोडलेला राहिला. तिथे उद्योग उभे राहिले नाहीत, कित्येक भागांत सशस्त्र संघर्ष चालू राहिला, आणि १९५८ पासून लष्कराला विशेषाधिकार देणारा कायदा लागू झाला. शिक्षणाला आणि कामाला बाहेर पडण्यावाचून अनेकांना पर्याय उरला नाही. दहा वर्षांच्या मुलाला हे समजते, नकाशा पुढे ठेवला तर आठ वर्षांच्यालाही समजते. मग ते ‘ही माणसे अशीच कामे करतात’ या निष्कर्षावर थांबत नाही. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचल प्रदेशातील एका विद्यार्थ्याची केसांवरून टिंगल झाली, मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीच्या शिफारशींत ईशान्येचा इतिहास देशभर शिकवला जावा हीही होती. त्या विद्यार्थ्याला चिडवणारेही एकेकाळी कुणाच्या घरात वाढत होते. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या धास्तीत ईशान्येतल्या माणसांना देशभर इतका त्रास झाला, की केंद्रीय गृहखात्याला सर्व राज्यांना सूचना पाठवाव्या लागल्या.

आफ्रिकेच्या बाबतीत तर मराठी आईबापांपाशी सांगायला विलक्षण गोष्ट आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात दख्खनला पोहोचला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. आजच्या छत्रपती संभाजीनगरची मूळ खडकी त्याने वसवली, तिला नहरीने पाणी आणले, जमीन महसुलाची घडी बसवली, मोगलांना वर्षानुवर्षे रोखले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. हे मुलाला ठाऊक असेल तर आफ्रिकी माणूस त्याला बातमीतला संशयित म्हणून पहिल्यांदा भेटणार नाही. गोव्याच्या मुलाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याच्या बाजारात आफ्रिकी माणसे विकली जात होती, आणि १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चाले. २०१३ मध्ये एका नायजेरियन तरुणाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली. ज्या मुलांना गोव्याचा हा जुना इतिहास शाळेतच कळला असता, त्यांच्या कानाला ते वाक्य वेगळे लागले असते.

कारणे सांगितल्याने फरक पडतो याला पुरावा आहे. बिगलर यांच्याच सहकार्याने झालेल्या २००७ च्या एका अभ्यासात मुलांच्या एका गटाला प्रसिद्ध अमेरिकन व्यक्तींची चरित्रे शिकवताना कृष्णवर्णीयांना सोसाव्या लागलेल्या भेदभावाचीही माहिती दिली, दुसऱ्या गटाला तो भाग वगळून चरित्रे शिकवली. भेदभावाचा इतिहास कळलेल्या गोऱ्या मुलांची कृष्णवर्णीयांबद्दलची मते अधिक चांगली झाली. नुसते मोठेपण सांगून तेवढे झाले नाही, कारण ‘एवढी हुशार माणसे होती, तर बाकीचे मागे का?’ हा प्रश्न तसाच राहतो.

आपल्याकडचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. वंशभेद ही पाश्चात्त्यांची बाब, आपला रोग जातीचा, मग ही आयात कशाला? जात आणि वंश एक नाहीत हे खुद्द डॉ. आंबेडकरांनी आग्रहाने मांडले. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी दाखवले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा अस्पृश्य वंशाने एकच आहेत. पण हे सांगण्यामागचा त्यांचा हेतू जातीला निसर्गाचा आधार नाही हे सिद्ध करण्याचा होता. जात माणसांनी केलेली व्यवस्था आहे. वंशाच्या उतरंडीबद्दलही तेच खरे आहे. इरावती कर्वे १९२७ नंतर बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली कवट्या मोजत होत्या. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण त्याच्या बौद्धिक वरचढपणाची साक्ष देते, असे मार्गदर्शकांचे गृहीतक होते. कर्वे यांनी मोजमाप केले आणि वंशाशी असा संबंध नाही असे लिहून दिले. पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा आधार ठरलेल्या माणसापुढे एका तरुण मराठी विद्यार्थिनीने ते लिहिले. रोगाची दोन नावे असली तरी मुलाच्या डोक्यात तो एकाच वाटेने शिरतो: समोर दिसणारी उतरंड मूळचीच आहे असे समजून. जोतीराव फुल्यांना हे नाते १८७३ मध्येच दिसले होते. ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. आणि ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभी त्यांनी शूद्रांच्या दुरवस्थेची एकेक कडी मागे नेत ती अविद्येपाशी पोहोचवली. दिसणाऱ्या दैन्यामागचे कारण शोधण्याची ही रीत आपल्याच घरची आहे. तिच्यात आयात काय आहे? आणि जातीबद्दल घरात गप्प राहणाऱ्यांना हेच सारे मुद्दे लागू पडतात, हे वेगळे सांगायला नको.

एवढ्या लहान वयात मुलांच्या डोक्यावर अन्यायाचे ओझे का द्यायचे, असेही विचारले जाते. आईबापांची ही काळजी मी हलकी मानत नाही. पण ओझे नको म्हणण्याची सोय सगळ्या मुलांना नसते. १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्यांच्या शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकणारी कृष्णवर्णीय मुलगी रूबी ब्रिजेस सहा वर्षांची होती, आणि तिच्यासोबत सरकारी मार्शल चालत होते. पुण्याच्या शाळेत पहिलीत दाखल झालेल्या नागा मुलाला ‘चिंकी’ ही हाक पहिल्याच आठवड्यात ऐकू येऊ शकते. त्याचे आईबाप त्याच्याशी हे बोलणे टाळू शकत नाहीत. मग हाक मारणाऱ्या मुलाचे वय तेवढे कोवळे कसे ठरते? वयाप्रमाणे शब्द निवडावेत, पाच वर्षांच्या मुलाला हत्येचे तपशील देऊ नयेत, हे उघड आहे.

‘मुले एकत्र खेळली की सगळे आपोआप सुटते’ हा विश्वासही तपासून घ्यावा लागतो. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच लिहिले होते की, संपर्काने पूर्वग्रह कमी होण्यासाठी काही अटी लागतात. दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, एकमेकांवाचून काम अडले पाहिजे, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा त्याला पाठिंबा हवा. ताट उचलणारा आणि ताटावर बसलेला यांच्या संपर्कात यातले काहीच नसते, आणि तसा संपर्क वर्षानुवर्षे चालला तरी तो उलट शिकवतो. १९७१ मध्ये ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन मुले एका वर्गात आली आणि भांडणे पेटली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी धडा तुकड्यांत वाटला. प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा, आणि इतरांचे ऐकल्याशिवाय धडा पुरा होणार नाही. ही रचना पैशांशिवाय कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी करता येईल.

परदेशातल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न दुहेरी येतो, आणि मला तिथले मौन अधिक खटकते. आपल्यावर होणारा भेदभाव त्यांना दिसतो. पण काळ्यांच्या वस्तीबद्दलची सावधगिरी तीच माणसे मुलांना शिकवतात. याला जुनी परंपरा आहे. १९२३ मध्ये भारतीय स्थलांतरित भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्वासाठी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात आपण उच्चवर्णीय, आर्यवंशीय हिंदू, म्हणून गोरे आहोत असा दावा केला. न्यायालयाने तो फेटाळला. भारतीयांना दार मोकळे झाले ते गोरे ठरल्यामुळे नव्हे. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून आला आणि त्याच हवेत, पुढच्या वर्षी, देशोदेशींचे जुने कोटे मोडणारा स्थलांतराचा कायदा झाला. त्यानंतर डॉक्टर आणि इंजिनियर मराठी माणसे तिकडे गेली, त्यांची मंडळे झाली, गणपती बसू लागले. न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलाला आजोबांच्या कष्टांची कहाणी सांगितली जाते. त्या कहाणीत कृष्णवर्णीयांच्या लढ्यातले मॉन्टगोमेरी आणि सेल्माचे रस्ते नसतील तर ती अपुरी आहे, आणि आपण गुणांवर आलो, इतर गुणांनी मागे राहिले, हेच त्यातून मुलाच्या हाती लागते.

राहता राहिला घरातल्या आणि सोसायटीतल्या व्यवहाराचा भाग. आजी प्रेमाने काही बोलते तेव्हा तिचा अपमान न करता, पण मुलासमोरच, ‘आजी, तसं नसतं हं’ असे म्हणावे लागते. मागाहून खोलीत नेऊन सांगितले तर मुलाला आक्षेप कळतच नाही. सोसायटीच्या सभेत ‘आफ्रिकी विद्यार्थ्यांना भाड्याने फ्लॅट देऊ नये’ असा ठराव येतो, तेव्हा बहुतेक भली माणसे गप्प बसतात. वाईटपणा कोण घेणार, असे त्यांना वाटते. आवाज, पार्किंग, उशिरा येणे यांबाबतचे नियम सर्व भाडेकरूंना सारखे लावता येतात, आणि तसे लावावेत असे त्या सभेत कुणीतरी बोलले पाहिजे. बोलणाऱ्याने ठराव मंजूर झाला तरी विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, आणि घरी आल्यावर सभेत काय झाले, कोण कशाला घाबरले होते, ती भीती कुठून आली, हे मुलाला जेवताना सांगावे.